तिसरा प्लग

खंडेनवमीच्या दिवशी संभाजीनगरात पाना हातात घेतलेला एखादा गॅरेजवाला तुम्हाला सापडला, तर मला येऊन सांगा. सापडायचा नाही. त्या दिवशी शहरातली झाडून सगळी हत्यारं पाटावर बसलेली असतात, हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. आणि मिस्त्री मंडळी इस्त्रीचे कपडे घालून कर्णपुऱ्याच्या जत्रेत हिंडत असतात. नेमके त्याच दिवशी मंजुषाला गाडीचे प्लग बदलायचे होते. नड ही अशीच असते बघा, सणवार पाहून येत नाही.

पुंडलिकनगरात मंजुषाचं घर. घरात नवरा सत्यम, सासू सरूबाई आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली नणंद रूपा. रूपाचे दिवस भरले होते. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं, "पोटातलं पाणी कमी झालंय. जरा काही वाटलं की निघायचं. 'थोडं थांबून बघू' असलं काही करायचं नाही." दवाखाना उस्मानपुऱ्यात. एरवी काही लांब नाही, पण नवरात्रातल्या गर्दीत तेवढंही अंतर जीव खातं. त्यात सत्यम सकाळीच बिडकीनकडच्या कंपनीत ड्युटीवर गेलेला. राहिली दारातली गाडी.

ती गाडी म्हणजे सासऱ्यांची, तात्यासाहेबांची. जुनी, पांढरी, लहानखुरी, तीन प्लगांची. आषाढात तात्या गेले आणि तेव्हापासून गाडी मिसिंग मारायला लागली. म्हणजे चालता चालता तीनातला एक सिलिंडर दांडी मारायचा आणि गाडी उचक्या देत चौकाच्या मध्यावर बंद पडायची. लोक म्हणायचे, मालकाच्या दुःखात आहे. मंजुषा म्हणायची, दुःखात कसली आलीय, प्लग गेलेत.

तिनं सकाळी कडुबा मिस्त्रीला फोन लावला. पलीकडून पिपाण्यांचा नुसता कल्लोळ ऐकू येत होता.

"कडुभाऊ, नुसते प्लग तर बदलायचेत हो. नवे घरातच आहेत, तात्यांनीच आणून ठेवलेले."

"वहिनी, तुमच्यासाठी जीव देईन, पण आज पाना उचलायचा नाय. उद्या सोनं वाहिलं की पहिला तुमच्या दारात येतो का नाही बघा."

"अन् तोवर रूपाला कळा आल्या तर?"

"नाय येत हो. देवी हाय ना."

"देवी काय गाडी ढकलायला येणारे व्हय?" मंजुषा फोन ठेवता ठेवता पुटपुटली आणि लगेच जीभ चावून दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. तापट होती, पण देवाला भिऊन होती.

आता तात्यांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तात्यांनी जन्मभर या शहरात रिक्षा चालवली. स्टेशन ते औरंगपुरा, औरंगपुरा ते स्टेशन. जुन्या पेट्रोल रिक्षांचे प्लग येता-जाता काळे पडायचे, म्हणून प्रत्येक रिक्षावाला एखादा चांगला प्लग जवळ बाळगायचा. तात्यांचा शर्टाच्या खिशात असायचा, फडक्यात गुंडाळलेला. रिक्षा विकली, म्हातारपणी ही गाडी घेतली, तरी खिशातला प्लग काही सुटला नाही. सरूबाई म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या खिशात रुमाल असतो, आमच्या ह्यांच्या खिशात प्लग." त्यावर तात्यांचं ठरलेलं उत्तर, "सवारी वाटंत सोडायची नसती." त्या प्लगावर त्यांनी रूपाची नेलपॉलिश लावून लाल ठिपका काढलेला होता, गॅरेजात कुणाच्या सामानात मिसळू नये म्हणून. तात्या गेले त्या दिवशी सरूबाईंनी आपल्या हातानं तो प्लग त्यांच्या नव्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला. "लागंल त्यांना," एवढंच म्हणाल्या. तो त्यांच्याबरोबरच सरणावर गेला. खांदा देणाऱ्यांत कडुबाही होता.

मंजुषाला गाडी शिकवली ती तात्यांनीच. सुनेनं स्टेअरिंग धरलं म्हणून भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली, तर तात्या म्हणाले, "तुमची नाकं तुमच्यापाशी ठेवा." दर महिन्याला ते बॉनेट वर करून गाडीचं काहीबाही करत आणि मंजुषाला किल्लीपाशी बसवत. बॉनेट उभं असल्यामुळं तिला ते दिसायचे नाहीत. म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. बॉनेटवर अंगठीनं दोनदा टकटक म्हणजे 'मार सेल'. सपाट पंजाचा एक फटका म्हणजे 'बंद कर'. एवढी वर्षं तिनं हे केलं, पण बॉनेटखाली तात्या काय करतात ते तिनं कधी पाहिलंच नाही. ती कायम पत्र्याच्या अलीकडं.

तर अशी ती दुपार. दसऱ्याच्या तोंडावरचं ते ऑक्टोबरातलं ऊन, डोळ्यांत खुपणारं. गल्लीतली माणसं जत्रेला गेलेली. कुत्रंसुद्धा नालीच्या गारव्याला झोपलेलं. आतल्या खोलीत रूपा पडली होती आणि तिच्या पायाशी सरूबाईंचा डोळा लागला होता.

पुढच्या खोलीत पाटावर लाल कापड, त्यावर हत्यारं. तात्यांचा प्लगपाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, रबरी पाइपाचा वीतभर तुकडा, मंजुषाची शिवणाची कात्री, खुरपं आणि स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. विळी पाटावर बसली म्हणून त्या दिवशी घरात भाजी चिरली नव्हती, नुसतं वरण-भात होता. पूजा मांडताना सरूबाई सकाळी सहज बोलून गेल्या होत्या, "पूजेतलं हत्यार उचलू नाय. उचलायची येळच आली तर हात जोडून, ज्याचं हाय त्याला मागून घ्यायचं. न मागता उचललं की मालक बघायला येतो."

मंजुषा पाटासमोर उभी राहिली. हात जोडायचं तिच्या मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण बांगड्या वाजतील, आत्याबाई जाग्या होतील, मग रडारड, शपथा. सासूला ती आत्याबाई म्हणायची. त्यापेक्षा पटकन काम उरकू आणि होतं तसं ठेवून देऊ. तिनं फुलं बाजूला सारली, प्लगपाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि पाइप ओढणीत घेतले, तात्यांनी आणलेले तीन नवे प्लग घेतले आणि बाहेर आली. फाटकाला आतून कडी घातली. हत्यारं फरशीवर तशीच ओतली, एकावर एक.

फोनवर व्हिडिओ पाहून झाला होता. त्यातल्या पोरानं सगळ्या वायरी एकदम उपटल्या होत्या. मंजुषानंही उपटल्या. ती गाडी वेगळी, ही वेगळी. कुठली वायर कुठली हे हिच्या लक्षात राहायचं नाही, हा विचार त्या पोरानं कशाला करावा? तात्या असते तर म्हणाले असते, एक काढ, एक बसव, मग दुसरीला हात लाव. पण तात्या नव्हते.

पहिला प्लग घट्ट बसला होता. पाना लावून तिनं दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा तो करकरत सुटला. काळाकुट्ट. नवा प्लग पाइपाच्या टोकात खोचला, पाइप बोटांनी फिरवत आटे हलक्या हातानं लावले आणि मग पान्यानं आवळलं. जमलं की! तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. कडुबाला उद्या चांगलं सुनवायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या प्लगाला तिला आत बरंच वाकावं लागलं. डोकं बॉनेटखाली, एक हात इंजिनावर. दुसरा हात तिनं मागं केला आणि पाना चाचपायला लागली.

पाना हातात आला.

म्हणजे तिनं उचलला नाही. तिच्या तळव्यात कुणीतरी ठेवला, दांडा तिच्याकडं करून.

तिला वाटलं, आत्याबाई उठल्या. आता बोलणी बसणार. पण मागं काही बोलणं आलं नाही. चला, राग गिळला म्हणायचा. मंजुषाही गुमान काम करत राहिली. जुना प्लग निघाला, तो तिनं मागं धरला, तर तो हातातून अलगद घेतला गेला. घेणारी बोटं तिच्या बोटांना लागली. कोरडी आणि गार होती. इतक्या उन्हात गार कशी, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. कामाच्या नादात माणसाला काही सुचत नाही.

"नवा द्या," ती म्हणाली.

नवा आला, पाइपात खोचूनच आला. व्यवस्थित, सरळ.

वास मात्र तिला आला. पेट्रोलचा होता, तो असणारच. त्याच्याखाली ओल्या हळदीचा. आणि त्याच्याही खाली तंबाखू मळल्याचा, चुन्यासकट. शेजारी कुणी मळत असंल, तिनं मनाशी म्हटलं. मग तिला आठवलं की शेजारच्यांनी कुलूप लावून सकाळीच जत्रेची वाट धरलीय.

दुसरा बसला. तिसरा काढला. तो तर पार जळालेला. हाच दांडी मारत होता तर.

"आत्याबाई, ह्यो बघा चोर," ती हसून म्हणाली आणि जुना प्लग मागं दिला. तो घेतला गेला. "आता शेवटचा नवा द्या. पाइपात घालून द्या, मघासारखा."

पाइपाचं टोक हातात आलं. तिनं ओढलं.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, थेट रूपाच्या खाटेजवळून, सरूबाईंचा झोपेतला आवाज आला...

"मंजुषा... कुणासंग बोलायलीस गं?"

मंजुषाचा हात तिथंच थांबला. मान वळवायची हिंमत होईना. पाइप तिच्या हातात होता... पण सुटा नव्हता. त्याचं दुसरं टोक अजून कुणीतरी धरून होतं.

"कोण... कोण आहे?"

नुसता पाइप सुटला. तिचा हात झटक्यानं पुढं आला, नवा प्लग पाइपातून निसटला आणि फरशीवर पडून खळ्ळकन फुटला.

ती वळली. कुणी नव्हतं. फाटकाची कडी आतून लावलेली, तशीच. फरशीवर मात्र हत्यारं ढिगात नव्हती. एका ओळीत मांडली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. पाटावर मांडतात तशी. त्यांच्या पुढं तीन जुने प्लग, तेही ओळीत.

भर दुपारी भीती वाटत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा अशा ओळीसमोर उभं राहून बघावं. रात्री निदान अंधाराला नाव ठेवता येतं. इथं लख्ख ऊन होतं आणि त्या उन्हात ती ओळ. ती ओरडायला तोंड उघडणार होती.

ओरडणं आलं ते आतून. रूपाचं.

"वहिनी! वहिनी गंऽ... पाणी गेलं माझं!"

झालं. भीती बिती सगळी बाजूला राहिली. मंजुषा धावत आत गेली. रूपा खाटेची कड धरून पांढरीफटक पडली होती आणि सरूबाईंची नुसती "अगं माय, अगं माय" अशी धांदल चाललेली. मंजुषानं ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर वाटेत गर्दी आहे, निघतो म्हणाले, पण वेळ लागेल. ओळखीच्या रिक्षावाल्याला लावला, तो कर्णपुऱ्यात अडकलेला. सत्यमचा फोन कंपनीच्या लॉकरात. घरात तीन बाया, त्यातली एक अडलेली.

"गाडीत बसवा हिला," मंजुषा म्हणाली. दोघींनी रूपाला दोन्हीकडून धरून कशीबशी बाहेर आणली आणि मागच्या सीटवर आडवी केली. तिचं डोकं मांडीवर घेऊन सरूबाई बसल्या. मंजुषा सवयीनं स्टेअरिंगवर बसली, किल्ली घातली, आणि समोर उभं बॉनेट पाहून तिला आठवलं.

"आत्याबाई... तिसरा प्लग बसलाच नाही. वायरी पण काढलेल्या आहेत. मला नाही ठाऊक कुठली कुठं..."

"म्हंजे? गाडी चालणार नाय?"

मागं रूपा विव्हळली. "वहिनी, काहीतरी कर ना... बाळ हलेना झालंय गं."

मंजुषाला रडू फुटलं. स्वतःचाच राग राग आला. काय गरज होती शहाणपणा करायची? उचक्या देत का होईना, गाडी चालत तरी होती. आता ही पोर इथं दारात... तिनं उतरायला म्हणून दार उघडलं.

कट्ट.

बॉनेटच्या पलीकडून आवाज आला. प्लगवर वायरीची टोपी बसताना येतो तसा.

ती थांबली. उभ्या बॉनेटखाली, काचेलगत, बोटभर फट असते. त्या फटीतून इंजिनाचा थोडासा भाग दिसतो. तिथं काहीतरी हललं. बोटं होती. हळदीनं पिवळी झालेली, नखांत ग्रीस भरलेली. सावकाश, शांतपणे काहीतरी आवळत होती. पाइप फिरवतात तशी हलक्या हातानं, आटे बिघडू नयेत म्हणून.

कट्ट... कट्ट.

"आत्याबाई..." मंजुषा पुटपुटली. तिनं आरशात पाहिलं. सरूबाईही समोरच बघत होत्या. त्यांचं "अगं माय" बंद झालं होतं. त्यांनी हळूच पदर डोक्यावर ओढून घेतला आणि नीट केला.

"उतरू नको," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दार लाव. किल्लीवर हात ठेव."

आणि मग बॉनेटच्या पत्र्यावर, अंगठीची...

टक. टक.

मंजुषानं डोळे मिटले आणि सेल मारला.

गाडी सुरू झाली. एका सेलमध्ये! ना उचकी, ना धक्का. नव्या गाडीसारखा, देवळातल्या टाळासारखा एकसारखा आवाज. बॉनेट सावकाश खाली आलं, आपटलं नाही. तात्या लावायचे तसं, दोन तळहातांनी दाबून लावल्यासारखं. समोर मोकळं अंगण होतं. फाटक सताड उघडं होतं.

ती निघाली. गल्ली गेली, गजानन महाराजांच्या मंदिराचा चौक गेला. झेंडूच्या ढिगांमधून, रस्त्यावर आलेल्या माणसांमधून, बँडमधून गाडी अशी सरकत होती की मंजुषाला स्वतःला नवल वाटत होतं. सगळ्या वाटेत तिनं एकदाही डावीकडच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं नाही. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती, आणि ते कबूल करायला तिला कधी लाजही वाटली नाही.

दवाखान्यात रूपाला थेट आत नेलं. मग बाकड्यावर बसणं आलं. ते बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच माहीत. आणि मग दाराआडून रडणं ऐकू आलं, बारीक पण ठसक्यातलं. मुलगी! डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "नाळेचा वेढा होता गळ्याला. वेळेवर आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते. आता दोघी छान आहेत."

मंजुषा तिथंच बाकड्यावर मोकळेपणानं रडली. सुटलो, सुटलो, एवढंच मनात येत होतं. अंगावरून मणाचं ओझं उतरावं तसं झालं. सरूबाई शेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"न मागता उचललंस ना गं?"

"व्हय, आत्याबाई. चुकले."

"चुकलीसच. पण त्यांनी राग नाय धरला. सवारीचं काम होतं ना."

संध्याकाळी सत्यम धापा टाकत आला. लेकीसारखी भाची पाहून त्याचे डोळे भरले. मग त्याला सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "घाईत तूच बसवला असशील. गोंधळात ध्यानात नाही राहिलं तुझ्या." मंजुषानं वाद घातला नाही. तिलाही तसंच असावं असं वाटत होतं. माणसाला रात्री झोप लागायला काहीतरी लागतंच.

रूपापाशी दवाखान्यात तिच्या सासूबाई येऊन बसल्या, तेव्हा बाकीचे घरी आले. दसऱ्याच्या सकाळी कडुबा शब्दाप्रमाणं पहिला दारात आला, हातात आपट्याची पानं. सरूबाईंनी हत्यारं परत पाटावर मांडली, मंजुषाला पाटासमोर बसवलं, हात जोडून माफी मागायला लावली, हत्यारांवर सोनं वाहायला लावलं. मग सगळे बाहेर आले. फरशीवर कालचं बाकीचं तसंच पडलं होतं. तीन जुने प्लग ओळीत आणि बाजूला फुटलेला नवा.

"नवे किती होते?" सत्यमनं विचारलं.

"तीन. दोन बसवले, एक हा फुटला," मंजुषा म्हणाली.

"मग तिसऱ्या भोकात काय हाय?" कडुबा म्हणाला.

त्यानं बॉनेट उघडलं. वायरी जिथल्या तिथं, एकही चुकलेली नाही. त्यानं तिसरी टोपी काढली, पाना लावला. प्लग हलक्या हातानं सुटला. कडुबानं तो उजेडात धरला आणि त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी... हा या गाडीचा नाय. हा जुन्या रिक्षाचा प्लग हाय. आखूड असतो. यानं ही गाडी चालूच शकत नाय." त्यानं अंगठ्यानं प्लग पुसला. आट्यांतून राखाडी भुकटी झडली. शिसपेन्सिलीसारखी काळी काजळी नव्हे. राख. पांढरट, मऊ. आणि तिच्याखाली, चिनी मातीवर, करपून तपकिरी झालेला, तरी ओळखू येणारा एक लाल ठिपका.

कडुबानं सरूबाईंकडं पाहिलं. त्यानंही तो प्लग खिशात ठेवताना पाहिला होता. सत्यम मटकन पायरीवर बसला. तो परत हसला नाही.

सरूबाईंनी प्लग हातात घेतला, पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि कडुबाला परत दिला.

"जिथं होता तिथं लाव, बाबा."

"काकू, पण हा चालायचा नाय..."

"काल चालला ना? लाव."

कडुबानं लावला. पाइपानं, हलक्या हातानं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. काम झाल्यावर तो चहालाही थांबला नाही. सणाच्या दिवशी चहा सोडून जाणारा कडुबा पुंडलिकनगरानं पहिल्यांदा पाहिला.

पुढं रूपाला घरी न्यायचा दिवस आला. दवाखान्याच्या दारात कडक ऊन पडलं होतं. मागं रूपा, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोरगी आणि शेजारी सरूबाई. पुढं सत्यम. मंजुषा स्टेअरिंगवर बसली. दारं लागली. पोरगी मघापासून रडत होती, काही केल्या थांबत नव्हती. मंजुषानं किल्लीला हात घातला आणि एक क्षण थांबली. आता बरंच हलकं वाटत होतं. भीती मावळली होती. घरी जायचं होतं, ओवाळायचं होतं, भाकर-तुकडा उतरून टाकायचा होता. सगळं कसं सरळ झालं होतं.

टक. टक.

बॉनेटवर. बॉनेट बंद होतं, समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. रिकामा रस्ता, ऊन. कुणी नाही.

मागं पोरगी रडायची थांबली. मान वळवून, डोळे उघडे ठेवून, ती समोरच्या काचेकडं बघत होती.

सत्यमनं मंजुषाचा हात घट्ट धरला. मंजुषानं आरशात पाहिलं. सरूबाईंनी पदर डोक्यावर ओढून नीट केला होता आणि त्या थोड्याशा वैतागानंच म्हणाल्या,

"अगं, मार की सेल. त्यांना किती येळ उन्हात उभं करशील?"